अगत्ती ते पोर्ट ब्लेअर, दोन तास पन्नास मिनिटं

पेणजवळच्या जोह्याच्या दत्तूबाबा घरतांचं डोकं कशावरून फिरेल याचा नेम नसे. रंग पातळ झाला की फिरे, घट्ट झाला की फिरे, आणि रंग अगदी बेतशीर जमला तर तो कालवणाऱ्याने आपल्या तोंडाने बोलून दाखवला म्हणून फिरे. त्यांची बायको धोंडुबाई शेजारणींना सांगायची, "आमच्या यांना राग येत नाय गो. तो आसतोच. कवा उतरतो तेवरा बगायचा."

वय सदुसष्ट. बाप खाडीकाठच्या मिठागरात राबून गेला. दत्तूबाबांनी मिठाकडे पाठ फिरवली आणि माती धरली. गणपतीच्या कारखान्यात साचे भरणारे, अंग रंगवणारे, सोनेरी मारणारे पुष्कळ असतात. पण आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे लिहिणं, सगळ्यांच्या हातून होत नाही. दत्तूबाबांचा हात त्यात बसला होता. त्यांच्या कारखान्यातून वर्षाला पाचेकशे मूर्ती बाहेर पडत, आणि एकूण एक मूर्तीचे डोळे त्यांनीच लिहिलेले असत. आखणी चालू असताना कुणी शिंकलं तरी त्याची धडगत नव्हती.

तर या माणसाच्या कारखान्यात, गणपतीला एकोणीस दिवस उरले असताना, सुश्रुतचा फोन आला.

सुश्रुत म्हणजे रोह्याच्या विष्णु मास्तरांचा मुलगा. सरकारी खात्यात इंजिनिअर. मास्तर एक्केचाळीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. जोह्यात जुनी गिऱ्हाइकं नुसती मूर्ती सांगून जात नाहीत, घरचा पाट आणून देतात. त्या पाटावरच त्यांचा गणपती बसतो, विसर्जनानंतर पाट घरी जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कारखान्यात येतो. मास्तर स्वतः रोह्याहून एसटीने पाट घेऊन यायचे, मांडीवर ठेवून. पेणला गाडी बदलायची, वाटेत नागोठण्याचे खड्डे, सगळं धरून पावणेतीन-तीन तास जायचे. पाट द्यायला एकदा आणि मूर्ती न्यायला एकदा, अशा वर्षाला दोन खेपा. न्यायला आले की मूर्ती खालीवर बघायचे आणि एक खोड काढायचे. एकच, पण चुकवायचे नाहीत. कान लहान झालाय. सोंडेला वळण कमी आहे. उंदीर घुशीएवढा केलास. एक्केचाळीस वर्षांत एक्केचाळीस खोडी! मूर्ती वाळलेली, रंगवलेली, डोळे उघडलेली. आता खोड काढून उपयोग काय? पण मास्तरच ते. आणि जाताना दरवर्षी म्हणायचे, "दत्तू, एकदा रोह्याला आरतीला ये. तुझा गणपती आमच्याकडे कसा दिसतो ते बघ तरी."

"येतू मास्तर, पुढच्या वरसाला," दत्तूबाबा म्हणायचे, आणि मास्तर पाठमोरे झाले की घमेलं आपटायचे.

मास्तरांची बायको अनसूयाबाई गेली, आणि त्यानंतर मास्तर विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. रोह्याच्या घराला कुलूप लावून सुश्रुत त्यांना आपल्या नोकरीच्या गावी घेऊन गेला. गाव कुठलं, तर अगत्ती, लक्षद्वीपचं एक बेट. गेल्या वर्षी गणपती तिकडेच पाठवला होता, आणि तिथूनही मास्तरांनी फोनवर खोड काढली होती, की पोट खाली ओघळलंय.

आता फोनवर सुश्रुत म्हणत होता, "काका, मूर्ती अजून आली नाही."

"आसं कसं? मे म्हयन्यातच गेली," दत्तूबाबा म्हणाले. "कोचीवरून बोटीनं जाते ती."

"कोचीवरून? काका, माझी बदली झालीय. एप्रिलमध्येच. आम्ही पोर्ट ब्लेअरला असतो, अंदमानात. मी मृणालीवहिनींना फोन करून पत्ता दिला होता."

दत्तूबाबांनी फोन सून मृणालीच्या हातात आदळला आणि कारखान्यातल्या सगळ्यांची हजेरी घेतली. मुलगा निलेश डोलवीच्या कंपनीत शिफ्टला गेला होता, तरी त्याचाही उद्धार झाला. मृणाली शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी नवा पत्ता पाटावर खडूनं लिवला होता. वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात. तुमाला सांगितलंपण होतं. तुमी हां हां म्हनालात."

"मंग गेला कुठं तो पत्ता?"

"मूर्ती ठेवायच्या आधी पाट वल्या फडक्यानं कोन पुसतं?"

पाट पुसायचं काम दत्तूबाबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. पाट पुसायचा, हळदकुंकू लावायचं, मग मूर्ती. ही त्यांची रीत. पाट पालथा करून त्यावरचा पत्ता खोक्यावर उतरवायचं कामही त्यांचंच. आणि पालथ्या बाजूला, गेल्या वर्षी, खडू पुसला जातो म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं: अगत्ती. सुंदर वळणदार अक्षर होतं. जन्मात पुसलं जाणार नव्हतं.

दत्तूबाबांनी मृणालीच्या हातातून फोन परत घेतला. आता ओरडण्याजोगं दुसरं कुणी उरलंच नव्हतं; होते ते स्वतःच.

सुश्रुत फोनवर अजून होताच. तो म्हणाला, मूर्ती इथेही मिळते. परवा एक आणलीसुद्धा. पण अण्णा तिच्याकडे बघत नाहीत. दिवसातून वीस वेळा विचारतात, "पाट दिला का?" दिला म्हटलं तर म्हणतात, "मी कुठे दिला? मी नाही दिला." जानेवारीत रजेवर आलो तेव्हा त्यांनी स्वतःच जोह्यात येऊन दिला होता, पण ते आता त्यांना आठवत नाही. "माझं नावही रोज आठवत नाही, काका. आणि पुढच्या वर्षी..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं दत्तूबाबांना कळलं. पुढच्या वर्षी मास्तरांना गणपतीही आठवणार नाही.

"मूर्ती तुज्या दारात आनून देतू," दत्तूबाबा म्हणाले आणि फोन बंद केला.

मृणालीने अगत्तीला फोन लावला. सुश्रुतच्या जुन्या क्वार्टरचा रखवालदार कोया म्हणून होता. खोका जूनमध्येच पोचला होता. साहेब आज येतील, उद्या येतील म्हणून त्याने जपून ठेवला होता. त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं की गणपती ठीक आहे, हवा दमट आहे म्हणून खोका मी माझ्या खोलीत पंख्याखाली ठेवलाय आणि मी स्वतः व्हरांड्यात झोपतो. दत्तूबाबांना हे ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचाही राग आला.

"आता तिथून पोर्ट ब्लेअर किती लांब?" त्यांनी विचारलं.

मृणालीने मोबाइलवर बोट फिरवलं. एक पान उघडलं. अगत्तीचा विमानतळ, पोर्ट ब्लेअरचा विमानतळ, दोन ठिपके आणि मधे एक वाकडी रेघ. तिने वाचून दाखवलं: हवाई अंतर बावीसशे बेचाळीस किलोमीटर. उड्डाणाचा वेळ, दोन तास पन्नास मिनिटं.

दत्तूबाबांनी कपाळाला हात लावला, पण सुटल्यासारखा. "आगो, येवराच? मास्तरांना रोह्यावरून जोह्याला याया तेवराच टायम लागायचा! उगाच जिवाला घोर. सांग त्या कोयाला, उद्याच्या इमानात चरव म्हनावं."

मग सुरू झालं. मृणाली चार दिवस फोनवर होती. एका कंपनीने सांगितलं की अशी फ्लाइट नाही. दुसरीने इंग्रजीत तेच सांगितलं. तिसरीने एक दाबा, दोन दाबा म्हणत अर्धा तास गाणं ऐकवलं. दर फोननंतर दत्तूबाबा ब्रश खाली ठेवून यायचे आणि विचारायचे, "त्यांना सांगितलंस का, दोन तास पन्नास मिन्टं लिवलंय म्हनून?"

"सांगितलं बाबा."

"मंग?"

"ते म्हनतात, आसेल."

आसेल म्हणजे काय? माणसाने छापून टाकायचं आणि मग आसेल म्हणायचं? दत्तूबाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागात त्यांनी त्या दिवशी बत्तीस मूर्तींची आखणी केली, आणि मृणाली सांगते की त्या बत्तीसही गणपतींच्या भुवया किंचित चढलेल्या होत्या.

पाचव्या दिवशी ते स्वतः रोह्याला निघाले. सुश्रुतची सगळी तिकिटं रोह्याचा प्रणित काढायचा. स्टँडजवळ त्याचं बुकिंगचं दुकान होतं. बेटांचं त्याला ठाऊक होतं. पेणला गाडी बदलली, नागोठण्याला गाडी वीस मिनिटं एका खड्ड्यापुढे विचार करत उभी राहिली, आणि दोन तास पन्नास मिनिटांनी दत्तूबाबा रोह्यात उतरले. घड्याळ बघून त्यांनी एक शिवी दिली.

प्रणित तिशीतला गडी होता आणि त्याच्याकडे सहनशक्ती होती. त्याने कागद घेतला. "बाबा, हे अगत्ती. इथून लहान विमान सुटतं, ते कोचीला जातं. सीटा थोड्या, सामान थोडं. कोचीहून दुसरं विमान चेन्नईला. चेन्नईहून तिसरं पोर्ट ब्लेअरला. गाठ पडली तर दीड दिवस, नाही पडली तर दोन. पाटासकट मूर्ती बॅगांत टाकली तर तिकडे माती उतरेल. कुणीतरी मांडीवर घेऊन यायला पाहिजे. कोयाला रजा नाही. तुम्ही अगत्तीला जायचं म्हणाल तर परमिट लागतं, ते आठ-दहा दिवसांत होत नाही, आणि चतुर्थीच्या आधी तिकडून निघायला सीटच नाही."

"आनि ही रेघ?" दत्तूबाबांनी मृणालीकडून छापून आणलेलं पान टेबलावर आपटलं. "ही सरळ रेघ मारलीय ती?"

"ते नुसतं मोजलंय, बाबा. कॉम्प्युटर मोजतो. कुठल्याही दोन गावांचं मोजून देतो. विमान जात नाही त्या रेघेवरून."

"मंग दोन तास पन्नास मिन्टं कोनासाठी लिवलीत? कावल्यासाठी?"

दुकानातली दोन माणसं हसली. दत्तूबाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ती बाहेर जाऊन उभी राहिली. मोजायचं आणि जायची सोय ठेवायची नाही, याला काय म्हणायचं? म्हणजे मास्तर तिकडे पाट दिला का म्हणून विचारत बसणार, पाट दुसऱ्या टोकाला कोयाच्या पंख्याखाली, आणि मधे ही रेघ.

पानवाल्याला विचारून ते मास्तरांच्या घरापर्यंत चालत गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बैठं घर, पुढे जास्वंद, दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून आतली भिंत दिसत होती, आणि त्या भिंतीत एक रिकामा कोनाडा. आजूबाजूला रंगीत पताकांची टोकं अजून चिकटलेली होती. म्हणजे इथे बसायचा. इतकी वर्षं आपण हजारो डोळे लिहिले आणि एकदाही बघायला आलो नाही की ते कुठल्या भिंतीवरून समोर बघतात. पुढच्या वरसाला, पुढच्या वरसाला. दत्तूबाबांना स्वतःची इतकी चीड आली की जास्वंदीची फांदी वाटेत आली म्हणून त्यांनी तिला हाताने सारलं आणि मग ती मोडली नाही ना ते वाकून बघितलं.

ते परत प्रणितकडे गेले. "पोर्ट ब्लेअरला जायला परमिट लागतं?"

"आपल्याला नाही. मुंबईहून सकाळी निघायचं, चेन्नईला बदलायचं, दुपारी तिथे. पण मूर्ती तर अगत्तीला..."

"मूर्तीचं ऱ्हाऊ दे. जो हात ती करतो तो हात तर हितं हाय ना?" ते म्हणाले. "चतुर्थीच्या आदल्या दिसाचं काढ."

घरी हे सांगितल्यावर मृणालीने हात टेकले. शेवटच्या आठवड्यात कारखान्याचा मालक अंदमानला! अजून दीडशे मूर्तींची आखणी बाकी, गिऱ्हाईक दारात, आणि यांना आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचंय. धोंडुबाई म्हणाली, "जाऊ दे गो त्याला. हितं ऱ्हायला तर कोनाचातरी जीव घेल." दत्तूबाबांनी दहा दिवस मान वर केली नाही. दीडशेच्या दीडशे मूर्तींचे डोळे लिहून झाले, तेव्हा त्यांनी पाच किलो शाडूची माती मळली, ओल्या गोणपाटात गुंडाळली, प्लास्टिकमध्ये घातली आणि पिशवीत कोरण्या टाकल्या.

मुंबईच्या विमानतळावर निलेशने त्यांना सोडलं. आत एक पोरगी चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. म्हाताऱ्या माणसाची आत चुकामूक नको म्हणून प्रणितने तशी नोंद करून ठेवली होती. "मी काय पांगला हाय?" दत्तूबाबा कडाडले. ती म्हणाली, नियम आहे आजोबा, आणि त्यांना बसवून ढकलत घेऊन गेली. खुर्चीत बसून रागवता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढे सामान तपासणाऱ्याने पिशवी उघडली.

"आजोबा, हे काय आहे?"

"गनपती."

त्याने गोणपाट उचकलं. "कुठंय?"

"आजून केला नाय."

तो माणूस साताऱ्याकडचा निघाला. त्याने मातीला हात लावला, तो हात कपाळाला लावला, कोरण्या वेगळ्या काढून मोठ्या सामानात टाकायला लावल्या आणि पिशवीला गाठ मारून दिली.

विमानात दत्तूबाबांनी घड्याळ लावलं. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत सव्वादोन तास लागले. खाली नुसतं पाणी होतं, कुठेही रेघ नव्हती. त्यांनी काचेला नाक लावून ती शोधली मात्र.

हरतालिकेच्या दुपारी सुश्रुत त्यांना घरी घेऊन आला. मास्तर व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. फार वाळले होते. धोतराऐवजी पायजमा होता, आणि दत्तूबाबांनी त्यांना पायजम्यात कधी बघितलं नव्हतं.

"अण्णा, कोण आलंय बघा."

मास्तरांनी बघितलं. सुतार आलाय की पोस्टमन, असं बघितलं. मग विचारलं, "पाट दिला का?"

एवढ्या लांब येऊन हेच! दत्तूबाबांनी पिशवी खाली ठेवली. "फली हाय का रं घरात? लाकराची," त्यांनी सुश्रुतला विचारलं. सुश्रुतने स्वयंपाकघरातून एक फळी आणली, बरणी ठेवायची. दत्तूबाबांनी ती धुतली, पुसली आणि मास्तरांच्या हातात दिली. मग त्यांच्यासमोर दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.

"द्या मास्तर. पाट द्या."

मास्तरांनी फळी मांडीवर घेतली. तिच्यावरून हात फिरवला, कडा चाचपल्या. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि दत्तूबाबांच्या हातात ठेवली. "नीट कर," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पाटाचं विचारलं नाही. दत्तूबाबा व्हरांड्यातच मांडी घालून बसले आणि माती उघडली. साचा नव्हता, रंग नव्हता. वीतभर मूर्ती नुसत्या हाताने. बैठक झाली, पोट झालं, सोंड आली. मास्तर खुर्चीतून वाकून बघत होते. सुश्रुत दारात उभा होता. त्याने फोन बंद करून टाकला होता. ऊन कलायला लागलं तेव्हा दत्तूबाबांनी कान लावले, मूर्ती फळीसकट उचलून मास्तरांसमोर धरली आणि वाट बघत राहिले. कुणी खोड काढावी म्हणून ते जन्मात पहिल्यांदा वाट बघत होते.

मास्तरांनी वरून बघितलं. खालून बघितलं. मान डावीकडे केली.

"दत्तू," ते म्हणाले, "डावा कान मोठा केलास."

"नाय झाला!" दत्तूबाबा ओरडले. शेजारच्या क्वार्टरमधून कुणीतरी डोकावलं. "आज्याबात नाय झाला मास्तर! दरवरसाला तुमचं आपलं कायतरी! एक्केचालीस वरसं आयकून घेतलं! डोले तपासा आधी सोताचे!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओरडणं थांबत नव्हतं.

"झालाय," मास्तर म्हणाले.

दत्तूबाबांनी मूर्ती वळवून बघितली. झाला होता. आणि माती अजून ओली होती. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, कानाची कड दाबून आत घेतली आणि पुन्हा मास्तरांसमोर धरली.

मास्तर समाधानाने मागे टेकले. व्हरांड्याकडे, भिंतीकडे, दाराकडे त्यांनी घरच्या माणसासारखं बघितलं. "बरं झालं आलास. किती वर्षं सांगतोय, आरतीला रोह्याला ये म्हणून," ते म्हणाले. "गाडी उशिरा आली का?"

सुश्रुत काहीतरी बोलणार होता. दत्तूबाबांनी मातीचा हात वर करून त्याला गप्प केलं.

"व्हय मास्तर," ते म्हणाले. "नागोठन्याला लय थांबली."